आईला केमोच्या तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, आता दुसऱ्या केमोआधी काय करायचं?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुमच्या आई ५२ वर्षांच्या, छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालंय, पहिली केमो झाली, त्यात ते लाल औषध होतं. केमोच्या दिवशी काहीच त्रास नाही, दुसऱ्या दिवशी तर त्यांनी स्वतः भाकऱ्या थापल्या, म्हणून घरातले सगळे निर्धास्त झाले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ज्या उलट्या लागल्या त्या तीन दिवस थांबल्याच नाहीत. दिलेल्या गोळ्यांतल्या काही घेतल्या, काही "बरं वाटतंय की" म्हणून ठेवून दिल्या, आणि एक गोळी मेडिकलवाल्यानं मानसिक आजाराची आहे असं सांगितल्यावर तुम्हीच दिली नाही. येत्या गुरुवारी दुसरी केमो आहे आणि आई म्हणतायत मला नको ते सलाईन. तुम्ही विचारताय घरगुती काय उपाय करू, आणि नाहीच झेपत तर केमो बंद केली तर चालेल का. शेजारचे म्हणतायत औषध लागू पडतंय म्हणूनच उलट्या होतायत, जरा सहन करा.

मी सांगली-मिरज भागात डे केअर वॉर्डमधे केमो लावणारी सिस्टर आहे, १८ वर्षं हेच काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळं कुठली गोळी किती मिलिग्रॅम हे तुमच्या आईंसाठी मी ठरवणार नाही, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण या उलट्या कशा येतात, कधी येतात आणि घरात नेमकं कुठं गाडं अडतं हे रोज बघते, ते सगळं सांगते.

आधी शेजाऱ्यांचं. उलटी होणं आणि औषध लागू पडणं याचा एकमेकाशी काही संबंध नाही. ज्यांना एकही उलटी झाली नाही त्यांची गाठ विरघळलेली मी बघितलीय आणि ज्यांनी ओकून ओकून जीव नकोसा केला त्यांनाही तेवढाच फायदा झालेला बघितलाय. उलटी हा त्या औषधाचा त्रास आहे, त्याचं काम नाही. त्यामुळं सहन करण्यात कसलंही पुण्य नाही हो, उलट नुकसान आहे, अंगातलं पाणी आणि क्षार जातात, किडनीवर ताण येतो, वजन उतरतं, पुढची केमो लांबते आणि माणूस मनानं खचतो ते वेगळंच.

आता खरा प्रश्न. तुम्ही घरगुती उपाय विचारताय, पण तुमचा खरा प्रश्न तो नाहीये असं मला वाटतं. आईंना पहिल्या दिवशी उलटी झाली नाही आणि तिसऱ्या दिवशी झाली, म्हणजे दवाखान्यात सलाईनमधून दिलेलं उलटीचं औषध काम करत होतं, घरी आल्यावरची साखळी तुटली. ती गुरुवारच्या आत नीट जोडायची हा खरा प्रश्न आहे. आलं-लिंबू त्याच्या बरोबर चालतंय, त्याच्याऐवजी नाही.

मी पेशंटच्या घरच्यांना पहिली गोष्ट विचारते ती म्हणजे उलटी किती वाजता झाली, केमो लागल्यापासून किती तासांनी. किती झाल्या हे नंतर. कारण वेळेवरून कारण कळतं आणि कारणावरून औषध ठरतं.

केमोची काही औषधं आतड्याच्या आतल्या अस्तराला दुखावतात. तिथल्या पेशींत सिरोटोनिन नावाचा पदार्थ साठवलेला असतो, अंगातलं जवळजवळ ९० टक्के सिरोटोनिन आतड्यातच असतं बघा, मेंदूत नाही. पेशी दुखावल्या की ते बाहेर पडतं, आतड्यातून मेंदूकडं जाणारी जी नस आहे तिला टोचणी लागते आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र जागं होतं. हे सगळं पहिल्या २४ तासांत. ओंडॅनसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही औषधं हाच निरोप मधे अडवतात. ही औषधं १९९० च्या आसपास आली, त्याच्या आधी सिसप्लॅटिनसारखं केमोचं जहाल औषध लागलं की माणूस दिवसभर बादली घेऊनच बसायचा असं आमच्या जुन्या सिस्टर सांगायच्या, कित्येकांनी उपचार अर्ध्यात सोडले ते याच कारणानं. "केमो म्हणजे ओकून ओकून मरण" ही जी भीती आपल्याकडं अजून घराघरात आहे ना, ती त्या काळातली आहे.

२४ तास उलटल्यावर मात्र खेळ बदलतो. दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंतच्या उलटीत मुख्य काम असतं सबस्टन्स पी नावाच्या दुसऱ्याच एका पदार्थाचं, आणि ते चालतं मेंदूत. त्याच्यावर ओंडॅनसेट्रॉनचा जोर फारसा चालत नाही. म्हणूनच तुम्ही लिहिलंय तसं "एमसेटची गोळी (म्हणजे हेच ओंडॅनसेट्रॉन) दिली तरी थांबली नाही" असं होतं. गोळी खराब नव्हती, ती चुकीच्या दारावर थाप मारत होती. तिसऱ्या दिवसासाठी वेगळी औषधं असतात, अॅप्रेपिटंट किंवा ते सलाईनमधून देतात ते फोसअॅप्रेपिटंट, डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, आणि ओलान्झपिन. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, आणि त्याच्या बरोबरीचं सायक्लोफॉस्फमाइड ही जोडी एकत्र दिली की ती जास्तीत जास्त उलटी करणाऱ्या गटात मोडते. काहीच उलटीचं औषध दिलं नाही तर १०० तल्या ९० हून जास्त जणांना उलटी होईल असा हा गट. त्यात सायक्लोफॉस्फमाइडचा त्रास मुळातच उशिरा सुरू होतो आणि रेंगाळतो. म्हणजे तुमच्या आईंना झालं ते काही विचित्र नाही, त्या नाजूक आहेत म्हणून नाही, अगदी अपेक्षित वेळी अपेक्षित गोष्ट झाली आणि त्या वेळी पोटात तिसऱ्या दिवसाचं औषध नव्हतं.

इथं माझी एक चूक सांगते. नोकरीला लागले तेव्हा पहिली काही वर्षं मी पेशंटला घरी सोडताना गोळ्यांचं पाकीट हातात देऊन म्हणायचे, "उलटी आली तर घ्या हं." सगळेच तसं म्हणायचे. एकदा कवठेमहांकाळकडच्या एक काकू दुसऱ्या केमोला आल्या त्या व्हीलचेअरवरूनच, ओठ कोरडे पडलेले, जिभेवर पांढरा थर, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण आलेला. त्यांच्या पिशवीत रिपोर्टच्या फाइलखाली अॅप्रेपिटंटचं पाकीट सापडलं, तीन कॅप्सूलचं असतंय ते, पहिली १२५ ची केमोच्या आधी आमच्याकडंच घेतलेली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या ८० च्या दोन्ही तशाच. मी विचारलं का नाही घेतल्या, तर त्या म्हणाल्या, "बाई, तुम्हीच म्हणाला की उलटी आली तर घ्या, दोन दिवस आलीच नाही, आणि आली तेव्हा गोळी पोटात ठरंना." त्या दोन कॅप्सूल हातात घेऊन मी किती वेळ उभी होते मला आठवतंय. त्या दिवसापासून "आली तर" हा शब्द मी बंद केला.

तर हे पक्कं लक्षात घ्या, की उलटीच्या गोळ्या दोन प्रकारच्या असतात. एक घड्याळाच्या, बरं वाटत असलं तरी, भाकऱ्या थापत असल्या तरी, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी घ्यायच्याच. आणि दुसऱ्या जास्तीच्या, म्हणजे घड्याळाच्या घेऊनही मळमळलं तर. तुमच्या चिठ्ठीवर कुठली कुठल्या प्रकारची हे गुरुवारी सिस्टरकडून किंवा डॉक्टरांकडून विचारून घ्या आणि पाकिटावर पेननं मोठ्या अक्षरात लिहा. इंग्रजी नावं आईंना कशी कळणार, आमच्या वॉर्डात मी पाकिटावर सरळ लिहिते, "शुक्रवार सकाळ ८, नाष्ट्यानंतर". घरात लहान कुणी असेल तर मोबाइलला गजर लावायचं काम त्याला द्या, नातवंडं हे काम फार मनापासून करतात.

आता ती "मानसिक आजाराची" गोळी. ती ओलान्झपिन असणार. मेडिकलवाल्यानं खोटं नाही सांगितलं, ते औषध मूळचं त्याच आजारासाठीचं. पण मेंदूतल्या ज्या जागांवर ते काम करतं त्यातल्या कित्येक उलटीच्या पण आहेत, आणि केमोसाठी ते थोड्या डोसमधे, तीन-चार दिवसच देतात. २०१६ साली अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, त्यात बाकीच्या तीन औषधांबरोबर हे दिल्यावर उलटी तर कमी झालीच पण मळमळ, जी इतर औषधांना सहसा दाद देत नाही, ती पण कमी झाली. आणि आपल्याच मुंबईच्या टाटाच्या डॉक्टरांनी २०२४ मधे दाखवून दिलं की १० मिलिग्रॅमच्या जागी २.५ मिलिग्रॅमवर पण तितकंच भागतं आणि दिवसा झोपाळल्यासारखं होणं बरंच कमी होतं. त्या अभ्यासातल्या बहुतेक आपल्यासारख्याच बाया होत्या, छातीच्या कॅन्सरच्या, हेच लाल औषध घेणाऱ्या. त्यामुळं आईंना ती गोळी दिली म्हणजे डॉक्टरांनी त्यांना वेडं ठरवलं असं कृपा करून मनात आणू नका, आणि आईंच्या कानावर पण तसं जाऊ देऊ नका. ही गोळी रात्री झोपताना घ्यायची असते, झोप येते, रात्री बाथरूमला उठताना चक्कर येऊ शकते म्हणून सोबत कुणीतरी असावं. दोन दिवसांनंतर सुद्धा फारच गुंगी वाटली तर परस्पर बंद करू नका, फोन करा, डोस कमी करता येतो. आणि ही चालू असताना घरातली जुनी पेरिनॉर्म वगैरे उलटीची गोळी स्वतःहून देऊ नका, दोन्हींचा परिणाम एकाच वाटेनं होतो, मान वाकडी होणं, अंग ताठणं असले त्रास होऊ शकतात.

सगळ्यांना सारखाच त्रास का होत नाही असं पण तुम्ही विचारलंय, शेजारच्या वॉर्डातल्या आजोबांना म्हणे काहीच झालं नाही. यात बरंच काही परिस्थितीवर असतंय. पहिलं म्हणजे औषध कुठलं. पॅक्लिटॅक्सेल, जेमसिटाबिन असल्या औषधांना उलटी कमीच, ऑक्सॅलिप्लॅटिनला मध्यम, सिसप्लॅटिनला आणि तुमच्या लाल जोडीला जास्त. म्हणून एकाची केमो बघून दुसऱ्याच्या केमोचा अंदाज बांधू नये. दुसरं म्हणजे माणूस. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होते, तरुणांना म्हाताऱ्यांपेक्षा जास्त होते, ज्यांना रोजची दारूची सवय होती त्यांना कमी होते. मी नवीन बाईमाणसाला दोन प्रश्न हमखास विचारते. एक, एसटी लागते का? खंबाटकीच्या घाटात खिडकीची जागा लागते का? दुसरा, पोटुशी असताना उलट्या फार झाल्या होत्या का? दोन्हीला "हो" आलं की मी फाइलवर खूण करते आणि राउंडला डॉक्टरांना सांगते की यांना पहिल्यापासूनच जोर लावू या. तुमच्या आईंना पण विचारा, आणि उत्तर "हो" असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, ही साधी माहिती फाइलमधे कुठंच नसते.

डेक्साबद्दल एक. आईंना शुगर असेल तर डेक्सानं ती वर जाते, चार दिवस घरी तपासत राहा आणि शुगरच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. गोळी सकाळी, पोटात काहीतरी गेल्यावर घ्यायची, संध्याकाळी घेतली तर रात्रभर टक्क डोळे. काही डॉक्टर डेक्सा पहिल्याच दिवशी देतात आणि काही तीन-चार दिवस, दोन्ही पद्धती बरोबर आहेत, बाकी कुठली औषधं जोडीला आहेत त्यावर ठरतं, त्यामुळं दुसऱ्याच्या चिठ्ठीशी ताडून बघू नका.

आणि संडास. हे विचारायला लोक लाजतात म्हणून मीच विचारते. ओंडॅनसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन या गटाच्या औषधांनी संडास खडा होतो, त्यात खाणं-पिणं कमी, हालचाल नाही, मग चार चार दिवस पोट साफ होत नाही आणि पोट तटतटलं की मळमळ वाढते. घरचे म्हणतात मळमळ आहे, आणखी एक एमसेट देऊ, आणि त्यानं आणखी आवळतं. आमच्याकडं "केमोच्या उलट्या" म्हणून आलेल्या किती जणांचं मूळ दुखणं हे निघतं, मोजदाद नाही. दवाखान्यात पॅलोनोसेट्रॉन दिलं असेल तर त्याचा असर तसाही लांबतो, त्यावर परत ओंडॅनसेट्रॉन घेत राहून विशेष काही मिळत नाही. तर केमोच्या दिवसापासूनच पोट साफ व्हायचं औषध चालू ठेवायचं का हे विचारून घ्या. आपल्याकडं तासगावचे बेदाणे आहेतच, रात्री मूठभर भिजत घालून सकाळी पाण्यासकट दिले तर मदत होते, शुगर नसेल तर.

आता घरगुती. खाण्याचं मी एवढंच सांगेन की वास हा मोठा शत्रू आहे. कांदा-लसूण मसाल्याची फोडणी, तेल तापलेलं, अगरबत्ती, नवीन हळदीचा वास, अगदी नवऱ्याच्या शर्टाचा घामाचा वास सुद्धा नको होतो. आईंना चुलीपाशी किंवा गॅसपाशी पाच दिवस जाऊच देऊ नका. तुम्ही लिहिलंय दुसऱ्या दिवशी त्यांनीच भाकऱ्या केल्या, मला वाटतं ते पण नको होतं. गरम वाफाळत्या अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून कोमट किंवा गार झालेलं द्या. मऊ दहीभात, ज्वारीची आंबील गार करून, भाताची पेज मीठ-जिरं घालून, साध्या ज्वारीच्या लाह्या, खारी बिस्किटं, राजगिऱ्याची वडी असं. ताटभर वाढून समोर बसू नका, ते ताट बघूनच पोटात ढवळतं, दर दोन तासांनी वाटीभर. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी दोन घास कोरडं काहीतरी. जेवताना पाणी कमी, मधे मधे जास्त. तोंडाला पितळेसारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा सोडून लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरून बघा. आणि त्यांचा सगळ्यात आवडता पदार्थ या पाच दिवसांत करू नका. मला माहितीय, प्रेमानं तोच करावा वाटतो, पण त्या दिवशी तो उलटून पडला की पुढं कित्येक महिने, काही वेळा कायमचाच, तो नकोसा होतो. एका मुलीनं आईसाठी हौसेनं पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या बाईंना केमो संपून वर्ष झालं तरी पुरणाचा वास चालेना.

आलं चालतं. आल्यानं मळमळ थोडी कमी होते असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत दिसलं नाही, त्यामुळं मी आल्याचा तुकडा मीठ लावून चघळायला नाही म्हणत नाही, पण तोंड आलं असेल तर झोंबतं, तेव्हा नको, आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर विचारून. आवळासुपारी, लिंबाची फोड हुंगायला, कोकमाचं सार, यातलं जे आईंना बरं वाटेल ते. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं सोडून, दोन शिरांच्या मधे अंगठ्यानं दाबून धरायचं, हे पण करून बघा, नुकसान काही नाही आणि हाताला काम मिळतं. नको म्हणते ते म्हणजे रस्त्यावरचा उसाचा रस, बाहेरची चिरलेली फळं, आणि कुणीतरी दिलेले काढे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा बाहेरचं पाणी पोटात जाणं म्हणजे आजाराला आमंत्रण. आणि काढ्यात काय काय आहे हे देणाऱ्यालाच माहीत नसतं, लिव्हरवर त्याचा बोजा पडतो. "केमो उष्ण पडलं" म्हणून सब्जा, गुलकंद देतात ते द्या हवं तर, पण त्यानं उलटी थांबेल अशी आशा ठेवू नका.

उलटी झालीच तर लगेच पाणी पाजू नका. अर्धा-एक तास पोटाला विश्रांती द्या, चूळ भरू द्या, मग ओआरएस, पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच मिसळून, दर पाच मिनिटांनी एक-दोन चमचे. भांडंभर एकदम दिलं तर ते तसंच परत येतं. ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या छोट्या चमच्यानं सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओकली आणि गोळी बाहेर दिसली तर फोन करून विचारा परत द्यायची का, आपल्या मनानं दुप्पट करू नका. पोटात गोळी ठरतच नसेल तर जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, इंजेक्शन असतं, एवढंच नाही तर कातडीला चिकटवायची पट्टी पण असते. म्हणजे "गोळी ठरत नाही" हा शेवट नव्हे.

तर इथपर्यंतचं एवढंच, की पहिल्या दिवसाचं औषध वेगळं, तिसऱ्या दिवसाचं वेगळं, ते घड्याळानं घ्यायचं, पोट साफ ठेवायचं, वासापासून लांब राहायचं.

पण माझ्या मते तुमच्या आईंच्या बाबतीत यापेक्षा मोठी गोष्ट अजून बाकी आहे. त्या "मला नको ते सलाईन" म्हणतायत ते नुसता हट्ट म्हणून सोडू नका. पहिल्या वेळी वाईट अनुभव आला की अंग ते लक्षात ठेवतं. मग पुढच्या वेळी औषध लागायच्या आधीच उलटी सुरू होते. जतहून येणाऱ्या एक ताई होत्या, तिसऱ्या केमोपासून त्यांना मिरजेच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या ढवळायला लागायचं. वॉर्डात आल्या की स्पिरिटच्या बोळ्याचा वास, आणि ती लाल सिरिंज दिसली की झालंच. अजून एक थेंब अंगात गेलेला नसायचा. नवरा वैतागायचा, "हिचं सगळं मनाचं आहे." मी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं, मनाचं असलं तरी नाटक नाहीये, रोज घंटा वाजवून खायला दिलेल्या कुत्र्याला नुसती घंटा वाजली की लाळ सुटते तसंच अंग शिकलंय हे, तिच्या हातात नाही. मग आम्ही खाट बदलली, खिडकीपाशी दिली, सिरिंजवर पांढरा कागद गुंडाळला, त्यांच्या हातात लिंबू दिलं, आणि डॉक्टरांनी आदल्या रात्री झोपताना घ्यायला एक शांत व्हायची गोळी दिली. पूर्ण गेलं नाही, पण पुढच्या तिन्ही केमो पार पडल्या. ही अशी आधीची उलटी एकदा अंगवळणी पडली की साध्या उलटीच्या गोळ्या तिला फारशा लागू पडत नाहीत, म्हणून ती होऊच द्यायची नाही, आणि त्याला उपाय एकच, पहिल्या-दुसऱ्या केमोलाच त्रास आटोक्यात ठेवणं. तुमची अजून एकच झालीय. वेळ आहे.

केमो बंद करायची का, याचं उत्तर उलट्यांवरून देऊ नका. ऑपरेशननंतरची केमो ही आजार परत येऊ नये म्हणून असते, ती अर्धी सोडली तर फायदाही अर्ध्यात सुटतो. उलटीचं औषध बदलता येतं, वाढवता येतं, दुसऱ्या गटाचं जोडता येतं, हे सगळं करून झालं आणि तरी नाही जमलं तर मग डॉक्टर केमोबद्दल बोलतील. तो क्रम उलटा करू नका. आईंशी बोलताना पण "केमो घ्यावीच लागेल" असं दटावू नका. "मागच्या वेळी गोळ्या आपल्याकडून चुकल्या, यावेळी तसं होऊ देणार नाही" असं म्हणा. ते खरंही आहे. लाल औषधानंतर लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नाही, हे पण आधीच सांगून ठेवा, काही जण घाबरून पाणी पिणंच सोडतात.

आणि काही वेळा घरी बसून चमच्यानं ओआरएस देत राहायचं नसतं, थेट निघायचं. २४ तासांत पाण्याचा घोट सुद्धा ठरला नाही, आठ-दहा तास लघवी झाली नाही, उलटीत रक्त किंवा चहाच्या चोथ्यासारखं काळपट आलं, पोट फुगलंय आणि वारा पण सरत नाही, डोकं असह्य दुखतंय, माणूस गुंगीत बोलतोय, किंवा ताप १००.४ च्या वर गेला. ताप तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन झाकायचा नाही. तसंच सहाव्या-सातव्या दिवसानंतर उलटी नव्यानं सुरू झाली तर ती केमोची असेलच असं नाही, जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, दुसऱ्या एखाद्या औषधाचा त्रास, काहीही असू शकतं, ते तपासून घ्यायला लागतं. म्हणूनच मी मघापासून वेळ वेळ करतेय.

आता गुरुवारच्या आधी काय करायचं ते. आज एक वही घ्या, मागच्या केमोचं जेवढं आठवतंय तेवढं लिहून काढा, कितव्या दिवशी किती वाजता उलटी, कुठली गोळी घेतली, कुठली राहिली, संडास कधी झाला. उरलेली सगळी पाकिटं एका पिशवीत घाला, टाकून देऊ नका, ती बघूनच निम्मं कळतं. मंगळवारी किंवा बुधवारी डॉक्टरांना भेटा किंवा फोन करा, कारण गुरुवारी सकाळी गर्दीत नवीन औषध लिहायचं, ते आणायचं, आणि केमोच्या तासभर आधी ते पोटात जायचं, हे सगळं जमत नाही. सरळ शब्दांत सांगा, "तिसऱ्या दिवसापासून तीन दिवस उलट्या झाल्या, अॅप्रेपिटंट पूर्ण झालं नव्हतं, ओलान्झपिन आम्ही दिलंच नाही." लपवू नका. तुम्ही नाही सांगितलं तर डॉक्टरांना वाटेल सगळं घेऊनही उलटी झाली आणि ते उगाचच आणखी जड औषधाकडं जातील. रागावले तर रागावू द्या, कामाची गोष्ट होऊन जाईल. सरकारी योजनेतून उपचार चालू असतील तर घरी न्यायच्या गोळ्या त्यात मिळतायत का बाहेरून घ्याव्या लागतायत हे पण तिथंच विचारा, बाहेरून असतील तर जेनेरिक लिहून मागा, स्वस्त पडतात, आणि पैशासाठी दोन कॅप्सूल कमी घेण्यापेक्षा ते बरं.

गुरुवारी रिकाम्या पोटी आणू नका, हलका नाष्टा करून आणा. येताना एसटी लागत असेल तर पुढची जागा धरा. सुई लावणाऱ्या सिस्टरला आईंच्या देखत सांगा की मागच्या वेळी फार त्रास झाला, ती लक्ष ठेवेल.

आणि गुरुवारी केमो म्हणजे शनिवार हा तिसरा दिवस. शुक्रवारी आई कितीही टवटवीत दिसल्या, परातीत पीठ घेऊन बसल्या, तरी परात हातातून काढून घ्या, सकाळची गोळी तुमच्या डोळ्यांदेखत द्या, रात्रीची पण, आणि शनिवारी पहाटे पाचला स्वतःसाठी गजर लावा, उठून उशाशी दोन खारी बिस्किटं नेऊन ठेवा. सोमवारी कसं आहे ते इथं कळवा, मी बघते.